न झिजणारं गाव

कादंबरी कशी सुचली, हा प्रश्न प्रत्येक कार्यक्रमात कुणीतरी विचारतंच. माझं उत्तर ठरलेलं आहे. आभासी अस्तित्वावर खूप वाचलं, शास्त्रज्ञांना भेटले, आणि मग एके दिवशी पात्रं आपोआप बोलू लागली. लोक माना डोलावतात, चहा येतो, कार्यक्रम संपतो. यातला वाचनाचा भाग निम्मा खोटा आहे. पात्रं बोलू लागली हे मात्र अगदी खरं, पण ते नेमकं कसं झालं हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मी दिलशाद, राहणार मिरज. वय सत्तावन्न. माझे अब्बा दस्तगीर तंबोरे करायचे, आणि त्यांचं नाव होतं ते जवारीसाठी. तंबोऱ्याच्या तारा एका हाडाच्या घोडीवरून जातात. त्या घोडीचा माथा कानशीनं असा घासायचा की तार तिला टेकली आहे की नाही ते सांगता येऊ नये. मग एकाच तारेतून सुरांचा अख्खा घोळका निघतो. ती जवारी. केसभर जास्त घासलं की आवाज मेला. अब्बांचा तंबोरा न्यायला बेळगावपासून इंदूरपर्यंतचे गवई यायचे आणि म्हणायचे, दस्तगीरची जवारी कधी बिघडत नाही.

आठव्या वर्षापासून मी दुकानाच्या उंबऱ्यावर बसून तार छेडायची आणि अब्बा घासायचे. तेरावं लागल्यावर एके दिवशी ते म्हणाले, आता अभ्यास कर, दुकानात येऊ नकोस. माझ्या चुलतभावांना शिकवलं, मला हाकललं. मुलगी मोठी झाली, दुसरं काय. तो राग मी चांगला जपून ठेवला. बारा कादंबऱ्या त्याच्यावर निघाल्या असं म्हटलं तरी चालेल. मी बावीस वर्षांची असताना अब्बा गेले आणि दुकान चुलतभावांकडे गेलं. अम्मी, म्हणजे हलीमाबी, माझ्याजवळ राहते. ती आता त्र्याऐंशीची आहे आणि काचबिंदूनं तिचे डोळे जवळजवळ गेले आहेत.

आता ‘तालीम’बद्दल. गेल्या चार-पाच वर्षांत लेखकांमध्ये हिचं, म्हणजे पात्रं चालवून दाखवणाऱ्या या यंत्राचं, फार खूळ पसरलं आहे. तुम्ही तिला पात्राची टिपणं द्यायची, शिवाय आजवर लिहिलेलं सगळं, डायऱ्यांसकट. तेवढ्यावरून ती अंदाज बांधते की हा माणूस पुढच्या क्षणाला काय करेल. तो अंदाज त्या पात्राची आठवण म्हणून साठतो आणि पुढचा अंदाज त्या आठवणीवर उभा राहतो. सेकंदाला हजारो वेळा हे चालतं. यालाच जगणं म्हणायचं का, यावर परिसंवाद होतात. त्यातल्या एकाची मी अध्यक्ष होते, आणि काहीही ठरलं नाही.

पात्रांभोवतीचं जग मात्र ती स्वस्तात उरकते. तिथला तांब्या अणूंचा नसतो. ती एक चिठ्ठी असते: तांब्या, पितळी, एका बाजूला पोचा. कुणी हात लावून बदलल्याशिवाय ती चिठ्ठी बदलत नाही. चष्मा आणि हातमोजे घातले की आपल्याला त्या गावात जाता येतं. आपला एक दिवस म्हणजे तिथला एक महिना; आपण आत असेपर्यंत मात्र तिथला वेळ आपल्या वेळानं चालतो.

माझ्या कादंबरीत असंच एक आभासी गाव होतं. सात घरं. आपण खरे नाही हे तिथल्या कुणालाच माहीत नाही, आणि हळूहळू ते त्यांना कळतं, एवढी गोष्ट. पण कळावं कसं? आकाश फाटतं, कालचाच दिवस पुन्हा उगवतो, असली सगळी दिवाळखोरी मी लिहून फाडून टाकली. शेवटी म्हटलं, आपण डोकं कशाला फोडायचं? गावच तालमीत सोडावं आणि आधी कुणाला संशय येतो ते बघावं. माझा अंदाज होता की तिथला शाळामास्तर ओळखेल. मी त्याला मुद्दाम भौतिकशास्त्र शिकवलं होतं.

ओळखलं बाबालालनं.

बाबालालचं कार्ड, म्हणजे तालमीला द्यायचं पात्राचं टिपण, मी पाच मिनिटांत लिहिलं होतं. गावाला एक कारागीर हवा होता आणि मला ठाऊक असलेला कारागीर एकच. ‘बाबालाल, वय सेहेचाळीस. तंबोरे करतो. त्याची जवारी कधी बिघडत नाही.’ मूल दिलं नाही त्याला, मुद्दामच. बायकोचं कार्ड एका ओळीचं: ‘चांदबी. स्वयंपाकघरात असते.’

दोन महिन्यांनी, म्हणजे त्यांच्या हिशेबानं पाच वर्षांनी, मी परगावची बाई म्हणून त्याच्या दुकानाच्या उंबऱ्यावर जाऊन बसले. त्याला चेहरा मी दिला नव्हता, तालमीनं आपल्या मनानं दिला होता. तो अब्बांचा नव्हता. पण अंगठ्याला थुंकी लावून कानस चाचपायची सवय अब्बांची होती, बोलण्याआधी खाकरणंही त्यांचं होतं. मला तिथून उठावंसं वाटलं, पण उठवलं नाही.

“पाच वर्षं झाली, आपा,” तो म्हणाला. “एक तंबोरा परत आला नाही बघा.”

“चांगलंच आहे की. हात चांगला आहे तुमचा.”

“हात कसला? तार रोज घासली की घोडी झिजणार. वर्षा-दीड वर्षात माणूस जवारी काढायला दारात उभा राहणार. त्याच्यावर तर आमचं चाललंय. हाताच्या चांगुलपणानं घोडी झिजायची राहते होय?”

मग त्यानं काय काय केलं ते सांगितलं. एका घोडीवर पोलादी तार बांधून दिवसभर ओढली, ओरखडा नाही. चपलेची टाच पाच वर्षं तीच. बायकोच्या पाट्याला टाकी लावायची वेळ आली नाही. शाळेतल्या खडूची कांडी सुट्टी लागेपर्यंत तेवढीच्या तेवढी. हे सगळं तो अगदी शांतपणे सांगत होता, आणि सांगून झाल्यावर त्यानं आवाज खाली आणला.

“गावात पाच वर्षांत एक मयत नाही. एक पाळणा नाही. आपा, आम्ही मेलोय का?”

चष्मा काढला आणि मी आधी वही ओढली, कारण कादंबरीतला अडलेला प्रसंग मला मिळाला होता. चूक कुठं झाली तेही कळलं. ‘जवारी कधी बिघडत नाही’ हे गवयांचं कौतुक होतं. आमच्या गल्लीत ते ऐकून सगळे हसून मान डोलावत, कारण वर्षा-दीड वर्षात तोच गवई त्याच तंबोऱ्याची जवारी काढायला येणार हे सगळ्यांना ठाऊक असे. तालमीला कुठलं ठाऊक असणार? तिनं तो त्या गावाचा नियम करून टाकला. घोडी झिजायची नसेल तर तार झिजून चालणार नाही, आणि तार झिजायची नसेल तर मग काहीच झिजून चालणार नाही.

त्यानंतर मी रोज जाऊ लागले. कादंबरीसाठी, असं स्वतःला सांगत. खरं म्हणजे मी अब्बांकडे जात होते. चव्वेचाळीस वर्षांनी पुन्हा उंबऱ्यावर बसायला मिळत होतं आणि ऊठ म्हणणारं कुणी नव्हतं. पाच-पाच तास चष्मा उतरत नसे. अम्मी शेजारच्या खोलीतून हाक मारायची, मी “आले” म्हणून बसूनच राहायची. त्या आठवड्यात तिच्या डोळ्यांत औषध घालायचं दोनदा राहिलं.

बाबालाल मात्र खंगत चालला होता. खंगणं त्याच्या शरीराला शक्य नव्हतं, ते बोलण्यात दिसायचं. नवे तंबोरे करून भिंतीला लावायचा, न्यायला कोणी नाही. कानस घ्यायचा, पुसायचा, ठेवायचा. एके दिवशी म्हणाला, “हाताला काम नाही आणि मरणही नाही. ही कुठली शिक्षा म्हणायची?” त्या दिवशी मी त्याला सगळं खरं सांगून टाकलं. तो कोण, मी कोण, ते कार्ड, ते वाक्य.

त्यानं आरडाओरडा केला नाही. बराच वेळ अंगठा कानशीवर फिरवत राहिला.

“मग ते वाक्य खोडा,” तो म्हणाला.

तालीमवाल्या कंपनीत गार्गी तोरसकर नावाची मुलगी आहे, लेखकांच्या तक्रारी ऐकायला नेमलेली. मी तिला फोन लावला. म्हटलं, फक्त घोडीला झीज देता येईल का?

“नाही मॅडम. घोडीला दिली की तारेला द्यावी लागते, तारेला दिली की बोटाला. मग सगळ्यालाच. नाहीतर आतल्या जगाचा मेळ बसत नाही.”

“आणि माणसांना?”

“माणसंही आलीच.”

“आधी एक प्रत काढून ठेवली तर?”

“तुमच्या पात्रानं ‘आम्ही मेलोय का’ असं विचारलंय ना? स्वतःबद्दल असा प्रश्न विचारलेल्या पात्राची प्रत काढायला कायद्यानं बंदी आहे. मागेही नेता येत नाही. बंद करता येतं, किंवा पुढं जाऊ द्यायचं.”

म्हणजे मला एवढंच ठरवायचं होतं. अब्बा असेच ठेवायचे, कायमचे, रिकाम्या हातांनी. किंवा त्यांना काम द्यायचं आणि दुसऱ्यांदा मरताना बघायचं. मी चार दिवस तिकडे फिरकले नाही. मला ते ठेवून घ्यायचे होते, हे कबूल करते.

पाचव्या दिवशी जाऊन सांगितलं. तिथली वीस-पंचवीस वर्षं मिळतील, आमचे नऊ-दहा महिने. बाबालालनं आत हाक मारली आणि चांदबी पदराला हात पुसत बाहेर आली. एवढ्या दिवसांत मी तिला नीट पाहिलंही नव्हतं.

“ऐकलं मी सगळं,” ती म्हणाली. “लावा काय लावायचं ते. हा माणूस दिवसभर घरात बसून माझं डोकं खायलाय.”

बाबालाल हसला. चांदबी हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती, जरा जास्तच वेळ. मग तिनं विचारलं, “जेवलीस का?”

तेच शब्द त्याच क्षणी बाहेरूनही आले, शेजारच्या खोलीतून, अम्मीच्या आवाजात. आतला आणि बाहेरचा आवाज एकमेकांवर तंतोतंत बसले. परगावच्या बाईला चांदबीनं अरेतुरे का करावं? मी घाईनं चष्मा उतरवला, कार्डावरचं ते वाक्य खोडलं आणि गावाला काळ लावला.

काम नुसतं लोटलं. पंधरा दिवसांत, त्यांच्या सव्वा वर्षात, बाबालालच्या दारात तंबोरे रांगेनं उभे राहिले. तो पुन्हा खाकरायला, शिव्या द्यायला, चहासाठी ओरडायला लागला. शाळामास्तरचे केस पांढरे झाले. सातव्या घरात पाळणा हलला, तिसऱ्या घरातलं म्हातारं गेलं आणि गाव एकदाचं रडलं. मी भराभरा लिहीत होते. तिसऱ्या महिन्यात बाबालालच्या हातून चहा सांडला. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, मीही पाहिलं नाही. अब्बांनाही शेवटी कंपवात झाला होता.

त्यानंतर मी जाणं कमी केलं. घाबरले होते, दुसरं काही नाही. तीन आठवड्यांनी एका दुपारी धीर करून गेले. दुकानाचं दार ओढून घेतलेलं. बाबालाल बाहेर बाजेवर झोपला होता, झोपेतही त्याचा उजवा हात थरथरत होता. आणि आतून तार वाजत होती. वाजायची, थांबायची, कानशीचा एक हात, पुन्हा वाजायची.

मी स्वयंपाकघरापर्यंत गेले. चांदबी परातीवर तंबोरा आडवा घेऊन बसली होती. परातीत पांढरा बारीक भुगा पडला होता. तिनं घोडीवरून कानस एकदाच फिरवली, तार छेडली, आणि तो आवाज आला. अब्बांचा. बेळगावचे गवई ज्यासाठी यायचे तो.

मला भयंकर राग आला. बाहेर येऊन बाबालालला उठवलं.

“ती काय करतेय आत?”

“माझा हात चालत नाही, आपा. तिनं मागितलं, मी दिलं.”

“बायकांना शिकवता तुम्ही?”

“मागितलं तर द्यायला काय जातंय?” तो म्हणाला, आणि मग कुजबुजला, “गिऱ्हाइकाला सांगू नका तेवढं.”

मी गार्गीला फोनवर झाडलं. तुमच्या यंत्रानं माझ्या पात्रांत पदरची भर घातलीय, हे मी लिहिलेलं नाही, माझ्या वडिलांना ओळखणारं कुणीही सांगेल की असं झालेलं नाही. ती बिचारी ऐकून घेत होती.

“मॅडम, तालीम बाहेरचं काही घालत नाही. प्रत्येक कृती तुमच्या कुठल्या ओळींवर उभी आहे ते मी पाठवते. तुम्हीच बघा.”

चार ओळी आल्या. चारही माझ्या शाळेच्या वहीतल्या, तेराव्या-चौदाव्या वर्षीच्या, मी स्वतः तालमीला वाचायला दिलेल्या.

‘अब्बांच्या हातून आज पुन्हा चहा सांडला. अम्मीनं मला खेळायला बाहेर पाठवलं.’

‘दुपारी दुकान बंद, अब्बा बाजेवर झोपलेले. तरी आतून तार वाजत होती.’

‘परातीत पांढरा भुगा होता. अम्मी म्हणाली पीठ आहे. पण ते पाण्यात भिजत नव्हतं.’

‘अम्मीच्या उजव्या अंगठ्याला घट्टा पडलाय. भाकरीनं असा पडत नाही.’

मी ते लिहिलं होतं आणि चव्वेचाळीस वर्षं माझ्याजवळ होतं. तालमीनं नवीन काही रचलं नव्हतं. तिनं फक्त ते वाचलं होतं. स्वतःच्या वहीची भीती वाटते असं मला त्याआधी कधी झालं नव्हतं.

तरी शेवटी तो यंत्राचा अंदाज. खरं सांगू शकणारं माणूस भिंतीपलीकडे बसलं होतं, आणि मी गेले पाच महिने त्याला “आले, आले” म्हणत होते. मी उठून अम्मीच्या खोलीत गेले. ती खाटेवर पाय सोडून बसली होती.

“अम्मी, अब्बांच्या तंबोऱ्यांची जवारी तू काढायचीस?”

तिनं मान वळवली. तिला मी दिसत नाही, पण ती आवाजाकडे तोंड करते.

“कुणी सांगितलं?”

“चांदबीनं. माझ्या गोष्टीतल्या.”

मला वाटलं ती विचारेल, कोण चांदबी? तिनं विचारलं नाही.

“शेवटची नऊ वर्षं,” ती म्हणाली. “त्यांचा हात गेला होता. गिऱ्हाईक दस्तगीरच्या नावाला यायचं. माझं नाव कळलं असतं तर कोण आलं असतं?”

“म्हणून मला दुकानातून हाकललंत?”

“तेरा वर्षांची पोर तू. तार छेडत बसली असतीस तर घासतंय कोण ते दिसलं असतं. गल्लीभर सांगत सुटली असतीस. त्या दिवशी ते जेवले नाहीत. तुला उंबऱ्यावरून उठवलं म्हणून.”

मी रडले. सत्तावन्नाव्या वर्षी, तिच्या खाटेच्या पायाशी बसून, नाक पुसायलाही काही हाताशी नसताना. एवढा जपलेला राग, आणि त्याला बसायला जागाच नव्हती. अम्मीनं समजूत वगैरे काढली नाही. तिचा तो स्वभावच नाही.

“ती आहे अजून? तुझी चांदबी?”

“आहे.”

“आणि ते?”

“आहेत. बाजेवर असतात. आता फार दिवस नाहीत.” मग मी धीर करून विचारलं, “बघायचंय तुला? डोळ्यांची गरज लागत नाही, नुसतं ऐकलंस तरी चालेल.”

“नको. मी एकदा काढलंय ते सगळं.”

“मग बंद करू?”

“तिच्या दारात गिऱ्हाईक आहे ना? चालू दे तिचं.” तिनं हात पुढे करून माझं डोकं चाचपडलं आणि मग माझा उजवा हात शोधून काढला. अंगठा दाबून पाहिला. “मऊ आहे. नुसतं लिहिलंस. मी गेल्यावर तू तिच्याकडं जाऊन बसशील, तार छेडत. मला ठाऊक आहे तुझं. ती शिकवेलही. पण तिथं घास घास घासलंस तरी हे बोट असंच राहायचं.”

“अम्मी—”

“कपाटावरचा तंबोरा काढ. कानस माझ्या ट्रंकेत आहे, तळाला, त्यांच्या जुन्या सदऱ्यात गुंडाळलेली. आता बस इथं.”

तंबोरा काढला, धूळ पुसली, तारा लावून घेतल्या. यात तासभर गेला. अम्मी खाली उतरून भिंतीला टेकून बसली आणि तिनं स्वतः तार छेडली. मी कानस घोडीवर टेकवली. ती म्हणाली, मी ऐकते, तू घास, दाबू नकोस, नुसती फिरव. तिनं पुन्हा तार छेडली. आवाज जाडा, बसका होता. मी एक हात फिरवला. जरा उघडला. मी दुसरा फिरवला, आणखी उघडला, आणि मला हाव सुटली. तिसरा हात फिरला तशी तार टणक, कोरडी वाजली आणि लगेच विझली.

हाडाचा पांढरा कण माझ्या बोटाला लागला होता. तो मागे चिकटवता येणार नव्हता.

अम्मीनं पुन्हा छेडून खात्री करून घेतली.

“गेली ही घोडी,” ती म्हणाली. “दुसरी आण.”